कुलपांतलें शास्त्र

दरवर्षीं २८ फेब्रुवारीस गांवोगांवच्या शाळांतून विज्ञान दिन होतो. इ.स. १९२८ मध्यें त्या तारखेस चंद्रशेखर वेंकट रामन यांना प्रकाशाविषयींचा आपला प्रसिद्ध शोध लागला, म्हणून १९८७ पासून देशभर हा दिवस पाळतात. हेतु उत्तम आहे. पण त्या दिवशीं शाळेंत दिसतें काय? तालुक्याच्या दुकानांतून विकत आणलेला ज्वालामुखी मेजावर मांडलेला असतो. पाहुणे आले कीं त्यांत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओततात. तांबडा फेस वर येतो, टाळ्या पडतात, फोटो निघतो. फेस कां आला हें पाहुणे विचारीत नाहींत, मास्तर सांगत नाहींत आणि पोरास ठाऊक नसतें. ज्वालामुखीच्या पोटांत खाण्याचा सोडा नसतो, एवढेंहि कोणी बोलत नाहीं. दुसरे दिवशीं ज्वालामुखी कपाटावर चढतो आणि कपाटाला कुलूप लागतें, तें पुढच्या फेब्रुवारीपर्यंत.

आजचें आमचें बोलणें त्या कुलपाविषयीं आहे.

सहावी, सातवी व आठवी या वर्गांतल्या मुलांसाठीं सरकारी खर्चानें कांचेच्या नळ्या, भिंगें, लोहचुंबक, तापमापक, स्पिरिटचे दिवे अशा वस्तु पुष्कळ शाळांना मिळालेल्या असतात. त्या कपाटांत असतात. आम्ही स्वतः खेड्यांतल्या शाळेवर शिकवितों, तेव्हां मास्तरांची बाजू आम्हांस चांगली ठाऊक आहे. नळी फुटली कीं जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहींत तिचा हिशेब द्यावा लागतो. न फुटलेल्या नळीबद्दल मात्र कोणी जाब विचारीत नाहीं. ती नळी वीस वर्षांत एकाहि पोराच्या हातीं गेली नाहीं, म्हणून कोणत्या मास्तरांवर शेरा बसल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. मग मास्तर शहाणपणानें वागतात व किल्ली खिशांत ठेवतात. त्यांतून कित्येक मास्तरांनीं स्वतः शिकतांनाहि नळी हातांत धरलेली नसते. ज्याच्या हाताला चटका माहीत नाहीं, तो दुसऱ्याच्या हातीं दिवा द्यायला भितोच.

मग वहींत प्रयोग येतात कोठून? ते फळ्यावरून येतात. साहित्य, कृति, निरीक्षण, अनुमान हे चार मथळे मास्तर घालतात व मुलें उतरून घेतात. निरीक्षण म्हणजे डोळ्यांनीं पाहिलेलें. येथें तें कानानें ऐकून लिहिलें जातें. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष कोणी कोर्टांत दिली तर तिला खोटी साक्ष म्हणतात. शाळेंत तिला दहांपैकीं आठ गुण मिळतात. आणि बापहो, यांत गुणांपेक्षां मोठा तोटा आहे. पुस्तकांत छापलें आहे म्हणून तें खरें, असें पोरानें विज्ञानाच्या तासाला शिकावें, तर तें विज्ञान कसलें? तें नव्या बांधणीचें पोथीपुराण झालें. पोथीपुढें मान डोलवायची संवय आपल्या बापजाद्यांना पुष्कळ लावण्यांत आली होती. ती मोडण्यासाठीं जें शास्त्र आलें, त्यालाच पोरें आतां मान डोलवूं लागलीं आहेत.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें आपलें निवेदन केलें, त्यांत खेड्यांतल्या प्राथमिक शिक्षणांत शेतीचें मूळज्ञान असावें आणि तें प्रत्यक्ष शिकवितां येण्यासाठीं लहानसें नमुन्याचें शेत असावें, असें सांगितलें आहे. नुसता शेतीचा धडा छापा, असें ते म्हणाले नाहींत, शेत मागितलें. या गोष्टीला आतां १४० वर्षांहून अधिक काळ झाला. धडा मिळाला. शेताच्या नांवानें बहुतेक शाळांत परसबागेचा फलक आहे.

कोणी म्हणेल, आम्हां गरिबांच्या घरीं कसलें आलें आहे शास्त्र? शास्त्र तुमच्याच घरीं आहे. फक्त त्याला कोणी प्रश्न विचारीत नाहीं. लोहार गाडीच्या चाकावर धाव चढवितो. लांकडी चाकें आतां विरळ झालीं, पण म्हाताऱ्या लोहारांना ती विद्या अजून येते. पांच फूट व्यासाच्या चाकाची धाव तापून लाल झाली कीं तिचा घेर इंचाहून अधिक वाढतो. तेवढ्यांत ती चाकावर बसवून पाणी ओततात, ती आवळते व लांकडाला मरेपर्यंत सोडीत नाहीं. उष्णतेनें धातु प्रसरण पावतात, हें वाक्य पाठ करणाऱ्या पोराला हें दिसत नाहीं, आणि धाव चढविणाऱ्या म्हाताऱ्याला तें वाक्य कोणी सांगितलेलें नसतें. दोघे एकाच आळींत राहतात!

कुंभाराचा माठ घ्या. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतें, हें कुंभाराचें शेंबडें पोरहि जाणतें. पाझरलेलें पाणी वाफ होऊन उडतांना उष्णता घेऊन जातें. एक ग्राम पाणी उडालें तर सुमारें ५८० कॅलरी जातात, म्हणजे आंतलें ५८ ग्राम पाणी दहा अंशांनीं थंड व्हावें इतक्या. हें सांगण्याऐवजीं दोन सारखे माठ घ्यावे. एकाला बाहेरून तेलरंगाचे दोन हात द्यावे, दुसरा तसाच ठेवावा. दोन्ही भरून संध्याकाळीं तोलावे, सकाळीं पुन्हां तोलावे व कपाटांतला तो तापमापक एकदांचा बाहेर काढून दोहोंत बुडवावा. किती वजन घटलें, किती अंश उतरले, हें पोरांनीं स्वतः मांडावें. पावसाळ्यांत हाच प्रयोग केला तर माठ तितका गार होत नाहीं. कां होत नाहीं, यावर वर्गांत भांडण लागलें तर मास्तरांनीं तें लवकर मिटवूं नये.

आजीच्या पानाच्या डब्यांतला चिमूटभर चुना पाण्यांत कालवून रात्रभर ठेवला कीं वर स्वच्छ निवळी राहते. तींत पपईच्या पानाच्या देठाच्या नळीनें फुंकर घातली कीं ती दुधाळ होते; आपल्या श्वासांतल्या कार्बन डायऑक्साइडनें हें होतें. (निवळी तोंडांत ओढूं नये व डोळ्यांत जाऊं देऊं नये, हें आधीं बजावावें.) हळदीवर चुना पडला कीं ती लाल होते, लिंबू पिळलें कीं परत पिवळी. मग साबणाचें पाणी, ताक, चिंच, राख, एकेक थेंब टाकून पाहावें. अम्ल व अल्क हे शब्द त्यानंतर सांगितले तर चालतील. तोंवर पोरें स्वतःच दोन ढीग करून बसलेलीं असतात.

पण शेतकऱ्याच्या घरीं ज्या प्रयोगावर पैसा अवलंबून आहे, तो बियाण्याचा. इ.स. २०२० च्या खरिपांत सोयाबीन पेरलें आणि उगवलेंच नाहीं, अशा तक्रारी महाराष्ट्रभर झाल्या. दुबार पेरणी करणें म्हणजे काय, तें आमच्या वाचकांस सांगायला नको. शेतकी खातें दरवर्षीं कंठशोष करून सांगतें कीं पेरण्याआधीं उगवण तपासा. तपासतो कोण? ज्याला तपासतां येतें, तोहि घाईंत असतो. हें काम सातवींतल्या मुलामुलींचें आहे, आणि तें इतकें सोपें आहे कीं त्याला कपाटसुद्धां लागत नाहीं.

पोत्यांतून न निवडतां शंभर दाणे घ्यावे. चांगले तेवढे वेंचून घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. येथेंच पहिला धडा आहे. गोणपाट भिजवून पसरावें, त्यावर दहा दाण्यांच्या दहा ओळी बोटभर अंतरानें मांडाव्या, वरून दुसरें ओलें गोणपाट घालावें व गुंडाळी करून सांवलींत ठेवावी. रोज पाणी शिंपडावें. सहा-सात दिवसांनीं उघडून नीट कोंब आलेले दाणे मोजावे. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण शेंकडा ७० तरी पाहिजे, असा सरकारी दंडक आहे. सत्तर किंवा वर भरली तर नेहमींच्या मानानें पेरावें, थोडी कमी भरली तर त्या मानानें बियाणें वाढवावें, फारच कमी भरली तर पोतें परत न्यावें. बियाण्याला औषध चोळलेलें असेल तर हात साबणानें धुवावे आणि उरलेले दाणे कोंबड्यांपुढें टाकूं नयेत.

आतां वर्गांतल्या पांच जणांनीं एकाच पोत्यांतले शंभर-शंभर दाणे लाविले, आणि समजा एकाचे ७६ आले, दुसऱ्याचे ८१, तिसरीचे ७२. खरें कोणाचें? फळ्यावरून उतरणाऱ्या वर्गांत या प्रश्नाला जागाच नसते, कारण तेथें सर्वांचें निरीक्षण स्वल्पविरामासकट सारखें येतें. येथें मात्र पोरें डोकीं खाजवितात. कोणाचें गोणपाट सुकलें होतें का? कोणी दाणे वेंचून घेतले का? कीं शंभर-शंभर दाण्यांत एवढा फरक पडायचाच? पांचांची बेरीज करून सरासरी काढावी, हें त्यांनाच सुचतें. गणिताच्या पुस्तकांतली सरासरी त्या दिवशीं प्रथमच कोणाच्या तरी कामाला येते.

आणखी एक पुढची पायरी सांगतों. सोयाबीनच्या दाण्याची साल पातळ असते व आंतला अंकुर सालीच्या लगतच असतो. पोतें आपटलें कीं तो दुखावतो. हें मुलांना आधीं सांगूं नये. एकाच बियाण्याच्या दोन पुरचुंड्या कराव्या. एक फडताळांत ठेवावी, दुसरी उंचावरून फरशीवर वीस वेळां टाकावी, मग दोन्हींचे शंभर-शंभर दाणे शेजारीं शेजारीं लावावे. जो फरक दिसेल तो पोर घरीं जाऊन बापाला सांगेल, आणि गाडीतून पोतें उतरतांना बाप हमालाला सांगेल कीं बाबा रे, हळू ठेव. शाळेंतून घरांत विद्या आली ती अशी येते. एरवीं शाळेंतून घरीं फक्त सहीसाठीं प्रगतिपुस्तक येतें.

तराजूचेंहि असेंच. दांडीच्या काट्याला खोट असेल तर माल एका पारड्यांतून काढून दुसऱ्यांत घालावा. वजन बदललें कीं चोरी उघडी पडली. आतां बाजारांत विजेचे काटे आले, तरी काटा मारण्याची कला बंद झालेली नाहीं. शाळेंतल्या मोजपात्रानें मापून एक लिटर पाणी भरलेली बाटली काट्यावर ठेवावी. रिकाम्या बाटलीचें वजन वजा जातां एक किलो भरलें पाहिजे. पर्जन्यमापकाला तर सरळ बाजूंचा एक डबा व पट्टी पुरते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजे एका एकरावर चार हजार लिटरांहून थोडें अधिक. पंचवीस मिलिमीटरांचा पाऊस झाला कीं आपल्या एकरावर लाखभर लिटर पडलें. त्यांतलें बांधाबाहेर किती वाहून गेलें, हें विचारणारें पोर घरांत निपजलें तर कोणाला नको आहे?

हें सर्व लहानशा शाळेंत वर्षभर चालणें शक्य आहे काय, असें मास्तरमंडळी विचारतील. तें एकदां पुष्कळ मोठ्या प्रमाणावर होऊन गेलें आहे, आणि तें फार दूर नव्हे, शेजारच्या मध्यप्रदेशांत. होशंगाबाद जिल्ह्यांत (आज त्यास नर्मदापुरम् म्हणतात) १९७२ सालीं रसूलियाचें फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्थांनीं सरकारच्या संमतीनें १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, करून शिकण्याचें विज्ञान सुरू केलें. १९७८ मध्यें तें जिल्ह्यांतल्या सर्व माध्यमिक शाळांत नेलें. १९८२ पासून एकलव्य ही संस्था तें काम पाहूं लागली. शाळा सरकारीच होत्या आणि मास्तरहि तेच होते, आपल्यासारखे. दिल्ली विश्वविद्यालयांतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतले शास्त्रज्ञ येऊन त्यांच्याबरोबर प्रयोग करीत बसत. मुलें चौघां-चौघांच्या टोळ्या करून काम करीत. त्यांच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत तयार उत्तरें नव्हतीं. काय करावें तें होतें आणि मग प्रश्न होते. मुलांच्या मनांत शंका आली कीं तीं सवालीराम नांवाच्या गृहस्थास पत्र लिहीत. सवालीराम असा कोणी मनुष्य नव्हता, पण उत्तर मात्र येई.

आणि परीक्षा? परीक्षेंत पुस्तक उघडें ठेवायची मुभा होती, व हातानें प्रयोग करून दाखविण्याची परीक्षा वेगळी होती. पुस्तक उघडें असून ज्याचें उत्तर पुस्तकांत सांपडत नाहीं, असा प्रश्न काढायला परीक्षकालाहि डोकें लागतें. कानपूरच्या आय.आय.टी.त शिकलेले अभियंते अरविंद गुप्ता पुण्याच्या कारखान्यांतून रजा घेऊन १९७८ मध्यें या कामांत गेले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनीं भूमितीच्या आकृति उभ्या केल्या. टाकाऊ वस्तूंपासून केलेलीं त्यांचीं पुढचीं खेळणीं आज इंटरनेटवर मराठींतहि फुकट पाहावयास मिळतात. घरांत मोबाइल असेल तर पोरांना तेंहि दाखवा.

तीस वर्षें चाललेला हा उपक्रम २००२ सालीं मध्यप्रदेश सरकारनें बंद केला. हीं मुलें पुढच्या वर्गांतल्या परीक्षांत मागें पडतात, असा आक्षेप त्यावर घेण्यांत आला होता. हाच आक्षेप आमच्याकडचे पालकहि घेतात, म्हणून त्याला उत्तर देणें अवश्य आहे. आठवींत एन.एम.एम.एस. ची परीक्षा देऊन पोरानें वर्षाला १२,००० रुपयांची शिष्यवृत्ति मिळवावी, असें ज्या बापाला वाटतें, तो चूक नाहीं. त्या पैशावर बारावीपर्यंतचें शिक्षण निभतें. त्याला आम्ही एवढेंच म्हणतों कीं त्या परीक्षेच्या कागदावरहि विज्ञानाचे प्रश्न असतात. ज्यानें हळद लाल केली आहे त्याला अल्काचा प्रश्न घोकावा लागत नाहीं. पुस्तक फेंकून द्या, असें आमचें म्हणणें नाहीं. आठवड्यांतले दोन तास हाताला द्या, बाकीचे पुस्तकाला ठेवा. परीक्षाच जर केवळ घोकलेलें तपासते, तर दोष परीक्षेचा आहे, आणि तो पोराच्या माथीं मारूं नये.

दुसरा आक्षेप जुना व खोल आहे, आणि तो आमच्याच लोकांचा आहे. हाताचें काम शाळेंत आलें कीं आपला माणूस सावध होतो. त्याला वाटतें, कुंभाराच्या पोराला पुन्हां चाकावर बसविण्याचा हा बेत दिसतो. हा संशय वेडगळ नाहीं. मद्रास राज्यांत १९५३ सालीं राजगोपालाचारींच्या सरकारनें खेड्यांतल्या मुलांसाठीं अशी योजना आणली कीं अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ बापाचा धंदा शिकणें. पेरियार रामस्वामींनीं व त्यांच्या लोकांनीं तिला कुलशिक्षण हें नांव दिलें आणि रान उठविलें. १९५४ मध्यें राजाजी गेले, कामराज आले, व ती योजना रद्द झाली. तें योग्यच झालें.

आतां २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत म्हटलें आहे कीं सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तरावांचून गांवांतल्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ शिकावें. यावर लक्ष ठेवणें आपलें काम आहे. सुताराजवळ सगळीच पोरें जात असतील, वकिलाचीं, दुकानदाराचीं, मास्तरांचींसुद्धां, तर उत्तम. सुताराचें पोर सुताराकडे आणि बाकीचीं सहलीला, असें होऊं लागलें तर शाळेंत जाऊन विचारा. कारागिराला बोलाविलें तर त्याला खुर्ची द्यावी, आणि मुलांनीं त्याला रंधा कसा मारावा एवढेंच न विचारतां ओलें लांकूड वाळतांना कां तडकतें हें विचारावें. त्याला उत्तर आलें नाहीं तर त्याचा अपमान समजूं नये; तें उत्तर वर्गानें शोधावें. रंधा मारायला शिकविणें ही तालीम झाली. लांकूड कां तडकलें हें दोन फळ्या, एक उन्हांत व एक सांवलींत, ठेवून पाहणें हा प्रयोग झाला. तालीम एका धंद्यापुरती पुरते. प्रयोग करणारें पोर उद्यां सुतार होवो, डॉक्टर होवो कीं तलाठी होवो, त्याला कोणी सहजासहजीं फसवूं शकत नाहीं. आम्ही शाळेंत मागतों तो प्रयोग.

कायदा आपल्या बाजूचा आहे, पण तो आपल्याला कोणी वाचून दाखविलेला नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २९ व्या कलमांत, मुलांनीं कृतींतून, शोधांतून व धुंडाळून शिकावें असें स्पष्ट लिहिलें आहे. त्याच कायद्याच्या परिशिष्टांत सहावी ते आठवीसाठीं विज्ञान व गणिताला स्वतंत्र शिक्षक असावा असें आहे. २१ व्या कलमानें सरकारी व अनुदानित शाळांत जी शाळा व्यवस्थापन समिति असते, तिच्यांत चारांपैकीं तीन सभासद आईबाप असले पाहिजेत आणि निम्म्या बाया. म्हणजे कागदोपत्रीं शाळा आपलीच आहे. पण समितीची सभा म्हणजे पाहिजे तेथें अंगठा किंवा सही, एक कप चहा आणि घरीं. बायांच्या सह्या तर कित्येक ठिकाणीं घरपोंच घेतात.

तेव्हां जूनच्या पहिल्या सभेला जातांना, विशेषतः आयांनीं, तीन गोष्टी मागाव्या. विज्ञानाचें कपाट सर्वांसमक्ष उघडावें व आंत काय आहे तें वाचून दाखवावें. फुटलेल्या नळीची भरपाई मास्तरांच्या पगारांतून होणार नाहीं, असा ठराव समितीनें लिहून द्यावा, म्हणजे त्यांची भीति जाईल; एक नळी कांहीं शंभर रुपयांची नसते. आणि पेरणीपूर्वीं गांवांतल्या ज्या घरांना पाहिजे त्यांच्या बियाण्याची उगवण सातवी-आठवीच्या मुलांनीं तपासून शाळेच्या फळ्यावर लिहावी. शाळा जूनच्या मध्यास उघडते आणि पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं, म्हणून ज्यांच्याकडे पोतें आधींच आलें असेल त्यांनीं मास्तरांशीं मे महिन्यांतच बोलून ठेवावें. गोणपाटें घरून पाठवावीं. तीं खताचीं नसावीं, आणि दोन वेळां धुतलेलीं असावीं.